टू-बीएचके विकला, बारा खण घेतले!

वाकडचा फ्लॅट, लिफ्ट, जिम, स्विमिंग पूल... आणि हे सगळं सोडून अंबाजोगाईतला मातीच्या छताचा वाडा? माझ्या ताईनं हा उद्योग केला. वाडा घ्यायचं स्वप्न तुम्हीही बघत असाल, तर आधी हे वाचा.

ताईचा फोन आला तेव्हा मी डेडलाइनमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली होते. ती एवढंच म्हणाली, "आम्ही घर बघितलंय. बारा खणांचं." मला वाटलं, साडी घेतेय की ब्लाउजपीस? खण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर इरकलीच येते. मग तिनं समजावलं. मराठवाड्यात जुनं घर स्क्वेअर फुटात मोजत नाहीत, खणात मोजतात. लाकडी खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे एक खण. ज्याच्या घराला जास्त खण, तो मोठा माणूस.

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. भावोजी डॉक्टर. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना नोकरी लागली आणि ताईचं वर्क फ्रॉम होम सुरूच होतं. मोठी मुलगी सहा वर्षांची, दुसरं बाळ येऊ घातलेलं, आणि सासू-सासरे आता कायमचे यांच्याकडे राहणार. भाड्याच्या दोन खोल्यांत हे सगळं कसं मावायचं? फ्लॅट तिथेही मिळत होते. पण संध्याकाळी फिरायला गेले असताना दोघांनी एका बोळात एक दरवाजा बघितला. म्हणजे आधी नुसता दरवाजाच बघितला. बारा फूट उंच, लोखंडी खिळे ठोकलेला, आणि त्याच्या पोटात वाकून आत जायची छोटी दिंडी. झालं! प्रेमात पडायला आणखी काय लागतं?

ही हौस फक्त आपल्याकडचीच आहे असं नाही. इटलीतल्या सांबुका गावानं २०१९ मध्ये पडीक घरं एक युरोपासून लिलावात काढली, तेव्हा जगभरातून लोक तुटून पडले. अट एकच, ठरलेल्या मुदतीत घर दुरुस्त करायचं. आपल्याकडे बीड जिल्ह्यात अशी योजना नाही. इथे सौदा वेगळ्याच माणसाशी पडतो. ते पुढे सांगते.

आणि भाड्याच्या जागेतून उठून थेट वाडाच विकत घेणारे माझे भावोजी पहिले नाहीत हं. विंचूरकर वाड्यात भाड्यानं राहणाऱ्या लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचा पुण्यातला वाडा विकत घेतला. त्यात बिऱ्हाडही आलं आणि 'केसरी'चं कामही. आज आपण त्याला केसरीवाडा म्हणतो. भावोजींना हे सांगितलं तर ते दोन दिवस छाती काढून फिरत होते!

आत काय आहे?

मी पहिल्यांदा गेले तेव्हा एप्रिल होता. बाहेर अंगाची लाही लाही होत होती. दिंडीतून वाकून आत गेले आणि एसीत शिरल्यासारखं वाटलं. जाडजूड काळ्या दगडाच्या भिंती आणि वर मातीचं छत. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, एवढा साधा फंडा.

दरवाजातून आत आलं की दोन्ही बाजूंना बसायचे ओटे. याला इकडे ढेलज म्हणतात. गावातले लोक, पोस्टमन, पावसात अडकलेला वाटसरू, सगळे इथेच टेकायचे. घराच्या आत नाही आणि बाहेरही नाही, अशी ही मस्त जागा. आपल्या फ्लॅटमध्ये हिची कमतरता मला नेहमी जाणवते. कुरिअरवाल्याला आपण ग्रिलच्या फटीतून सही करून देतो, ढेलजेत त्याला पाणी तरी मिळालं असतं. पुढे चौक, चौकात तुळस, एका कोपऱ्यात आड. चौकाभोवती ओसरी, मग माजघर, देवघर. माजघराच्या मागे एक अंधारी खोली आहे, तिला बळद म्हणतात. त्यात पूर्वी ज्वारी भरून ठेवायचे. तिला खाली दार नाही, वरून धान्य ओतायचं. भाचीनं तिथे ताबडतोब भूत असल्याचं जाहीर केलं.

आणि छत! इकडे पाऊस बेताचा, म्हणून कोकणासारखी उतरती कौलं नाहीत. तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. हे माळवद. ही माती पाणी सहज पिऊ देत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकायची, गवत उपटायचं, पन्हाळी साफ करायच्या. मध्ये एक चौकोनी भोक असतं, सानं. त्यातून धूर बाहेर जातो आणि उजेडाचा एक खांबच माजघरात उतरतो. दिवसभर तो जमिनीवर सरकत राहतो. ताईची मुलगी त्यावरून वेळ ओळखायला शिकलीय. तिची बॅट जेवणाच्या सुट्टीला चुलीपाशी, आणि चहाच्या वेळी कोनाड्याखाली!

सगळं कसं छान, नाही? आता खरी गोष्ट ऐका.

"मी त्या माळवदाखाली निजणार नाही"

ताईच्या सासूबाई, मी त्यांना काकू म्हणते, औशाकडच्या. त्यांनी वाडा बघितला, चौकातल्या तुळशीला हात जोडले आणि छताकडे बघून म्हणाल्या, "घर चांगलं हाय. पर मी त्या माळवदाखाली निजणार नाही. आणि लेकरांनाही निजू देणार नाही."

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं दगडमातीखाली गेली. काकूंच्या माहेरची चार माणसं त्यात होती. त्यांचं घरही असंच होतं. दगडी भिंती, वर माळवद.

आमच्या पिढीला किल्लारी म्हणजे शाळेच्या पुस्तकातली एक ओळ. काकूंना अजून रात्री ट्रक गेला आणि भांडी वाजली तरी जाग येते. त्यांच्याशी वाद कसा घालणार? भावोजींनी तो घातलाच नाही. ते म्हणाले, इंजिनीअर आणू. तो नाही म्हणाला तर नाही.

लातूरहून एक स्ट्रक्चरल इंजिनीअर आले. त्यांनी जे समजावलं ते माझ्या मते या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाहेरून एकसंध दिसणारी ही भिंत खरं तर दोन भिंती असतात. बाहेर घडीव दगडांची एक, आत दुसरी, आणि मध्ये दगडांचे तुकडे अन् चिखलाचं भरण. या दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड अनेक ठिकाणी नसतातच. जमीन हलली की भिंतीचं पोट फुगतं आणि दोन्ही पदर दोन बाजूंना ढासळतात. किल्लारीत बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या होत्या. मारलं ते दगडांनी आणि मातीच्या वजनानं.

वजन किती? दरवर्षी जुनी माती न काढता वर नवी टाकत गेलं की काही पिढ्यांत छताची जाडी फूट-दोन फूट होते. इंजिनीअरसाहेबांनी माझ्याच नोटपॅडवर हिशेब मांडला. दहा बाय दहाची खोली, वर एक फूट माती, तर डोक्यावर साडेचार ते पाच टन. म्हणजे पाच-सहा छोट्या गाड्या आपल्या बेडरूमच्या वर पार्क केल्यासारखं! यांच्या माळवदावर ठिकठिकाणी दीड फूट माती निघाली.

मग उपाय काय? सगळी जुनी माती उतरवायची आणि पातळ, हलका थर द्यायचा, खाली पाणी अडवणारा पदर टाकून. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतील. वर, छताच्या खालच्या पातळीवर, घराला चारही बाजूंनी पट्टा बांधायचा. डब्याला दोरी बांधतो तसा. वाळवी लागलेले खांब बदलायचे, बाकीचे जोड घट्ट करायचे.

माझी एक आर्किटेक्ट मैत्रीण हे ऐकून हळहळली. जुन्या भिंतीत काँक्रीट म्हणजे पाप, असं तिचं म्हणणं. तिचा मुद्दा मला कळतो. पण ज्या घरात एक बाळ आणि किल्लारी बघितलेली एक बाई झोपणार आहे, तिथे मी इंजिनीअरच्या बाजूनं आहे. वस्तुसंग्रहालय करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

अकरा सह्या

आता ते कागदपत्रांचं प्रकरण. वाड्याचे मालक कोण? पाच भाऊ, दोन बहिणी. त्यातले दोघे भाऊ हयात नाहीत, म्हणून त्यांची मुलं. एकूण अकरा माणसं. पुणे, संभाजीनगर, परळी आणि एक मस्कतला. वीस वर्षं कोणी राहिलेलं नाही, पण हिस्सा कोणी सोडलेला नाही. अशी घरं पडतात ती पावसानं कमी आणि वारसांनी जास्त!

"बहिणींच्या सह्यांची काय गरज?" असं एका भावानं विचारलं. गरज आहे, बॉस! २००५ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील त्या आधी वारले असले तरी तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेली वाटणी असेल तरच प्रश्न वेगळा. इथे वाटणी कधी झालेलीच नव्हती. बहिणींना वगळून घेतलेलं घर म्हणजे विकत घेतलेली कोर्टकेस.

मराठवाड्यात आणखी एक गंमत असते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुने दस्त उर्दूत. यांच्या फायलीत एक कागद निघाला, त्यावर गावाचं नाव मोमिनाबाद. अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं हे नाव. तारीख १३३१ फसली. भावोजी हादरले, वाडा चौदाव्या शतकातला की काय! उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी चष्मा पुसत सांगितलं, फसली सनात साधारण ५९० मिळवायचे. म्हणजे १९२१. तेव्हा वाडा एका भावानं दुसऱ्याकडून घेतला होता. बांधला केव्हा, ते कागद बोलत नाही.

वकिलांनी दुसरी एक गोष्ट आवर्जून तपासली, ती म्हणजे जागा इनामाची आहे का. देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी इकडे बऱ्याच आहेत. इनामं निर्मूलन करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा, पण धार्मिक संस्थांच्या इनामांचा व्यवहार आजही सरळ होत नाही. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर 'वर्ग २' दिसलं की थांबायचं आणि विचारायचं. शिवाय खेड्यातलं घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर विसंबू नका. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देत आहेत, ती आहे का बघा. जवळ केंद्र सरकारनं संरक्षित केलेलं स्मारक असेल तर २०१० पासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घेऊनच. दुरुस्तीलाही परवानगी लागते.

बँकेचं काय विचारू नका. एका बँकेच्या माणसानं मंजूर नकाशा मागितला. शंभर वर्षांपूर्वी कोण मंजूर करत होतं? मग विचारलं, इमारतीचं उरलेलं आयुष्य किती? भावोजी म्हणाले, माझ्यापेक्षा जास्त. हसले सगळे, पण कर्ज मिळालं नाही. शेवटी वाकडचा फ्लॅट विकला. एक घर विकून दोन वर्षांत दुसरं घेतलं तर भांडवली नफ्यावरचा कर वाचवता येतो, तेवढाच दिलासा. बाकी सोनं गहाण.

आणि मघाशी म्हटलं तो दुसरा गिऱ्हाईक. तो घराचं गिऱ्हाईक नव्हताच. तो जुन्या लाकडाचा व्यापारी. त्यानं वाड्यात फिरून फक्त सागवानी खांब मोजले, दरवाजावर टकटक केलं आणि भावांना रोख रकमेचा आकडा सांगितला. जागा तुमचीच राहू द्या, मी लाकूड काढून नेतो. मराठवाड्यातले कितीतरी वाडे असे गेलेत. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात आपण ज्या नक्षीदार खांबाला टेकून थाळी खातो ना, तो कुणाच्या तरी ओसरीचा असतो. मीसुद्धा अशा खांबाशेजारी सेल्फी काढलाय. आता जरा लाज वाटते.

दहा सह्या झाल्या. अकरावी परळीच्या आत्याबाईंची. वय अठ्ठ्याहत्तर. त्या म्हणाल्या, मी आधी घर बघेन. आल्या, ढेलजेत बसल्या आणि अर्धा तास काही बोलल्याच नाहीत. मग माजघरात गेल्या, कोपऱ्यातल्या जात्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे आईचं. एवढं मला द्या, मग कुठंबी सही करते." तीन जणांनी मिळून ते जातं गाडीत घातलं. परळीत त्या मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, हे नंतर कळलं.

गूळ, बेलफळ आणि ईएमआय

कामाला दीड वर्ष लागलं, ठरवलं होतं सात महिने. कारण चुना. जुन्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारलं की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. ती भिंतीतच कोंडते, दगडामधला चिखल मऊ होतो आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर पापडासारखं सुटतं. आमच्या गवंडीमामांनी हे एका वाक्यात सांगितलं, "भितीला बी दम घ्यावा लागतो, ताई." म्हणून चुना. तो आठवडेच्या आठवडे भिजवायचा, गाळायचा, वाळू आणि विटांच्या चुऱ्याबरोबर मळायचा. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. ताईच्या लॅपटॉपवर क्लायंट कॉल चालू आणि मागे बेलफळं फोडल्याचा आवाज! चुन्यात हात घालणारे कारागीर शोधायलाच दोन महिने गेले. गवंडीमामांनी हे काम वडिलांच्या हाताखाली केलं होतं, त्यानंतर तीस वर्षं कोणी मागितलंच नव्हतं.

चुका झाल्या? भरपूर. पहिल्या पावसाळ्यात अर्धं माळवद उघडं आणि ताडपत्री उडाली, त्यात ओसरीची एक तुळई भिजून वाकली. पन्हाळीची दिशा चुकली आणि पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेलं, मग महिनाभर अबोला. बजेट दीडपट झालं. बाथरूम कुठे करायची यावर नवरा-बायकोत जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नात याद्या करतानाही झाली नव्हती. शेवटी न्हाणीघराच्याच जागी झाली, बळदात वॉशिंग मशीन आलं आणि भाचीचं भूत बेघर झालं.

अंबाजोगाईला मॉल नाही. जवळचं स्टेशन घाटनांदूर, नाहीतर परळी. बीड शहराला तर रेल्वे दिसायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. मात्र संध्याकाळी चालत योगेश्वरीच्या देवळात जाता येतं, मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांचं गाव म्हणून येणारे पाहुणे कमी नाहीत, आणि सीताफळाच्या दिवसांत घरात दुसरं काही खाल्लं जात नाही. ताईला मॅटर्निटी लीव्हनंतर पुण्याला परत बोलावलं तर? ती खांदे उडवते. तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

काकू? घरभरणीनंतर पहिले दोन महिने त्या चौकातच बाज टाकून झोपल्या, आभाळाखाली. बाळ झालं तेव्हा थंडी सुरू झाली होती. एका रात्री बाळ रडलं म्हणून त्या उठून ओसरीत आल्या आणि तिथेच पडून राहिल्या. आता त्यांची बाज ओसरीतच असते, पण डोकं भिंतीकडे नाही, चौकाकडे. उशाशी बॅटरी आणि चपला. पाळणा माजघरातल्या तुळईच्या लोखंडी कडीला टांगलाय. रोज रात्री बाळाला निजवण्याआधी काकू दोन्ही हातांनी कडीला लोंबकळतात. पंचेचाळीस किलोच्या काकू! कडी करकरली नाही की मगच बाळ पाळण्यात जातं.